सगुणाबाईंच्या चार खुंट्या

विहीणबाई, काल तुमचा दहावा झाला आणि तुमच्या कावळ्यानं माझी फजिती केली.

मी तयारीनं आले होते हो. कावळा लवकर शिवायचा नाही, तुमचा भास्कर हात जोडून काहीबाही कबूल करेल, माझी सुनंदा पदराला डोळे पुसत आणखी काही कबूल करेल, तरी तो ढिम्म बसून राहील. मग शेवटी मी पुढं होईन आणि आपल्या भांडणातलं एखादं टोक सोडून देईन, असं मनात घोळवून ठेवलं होतं. वाक्यसुद्धा जुळवलं होतं. आणि झालं काय? भास्करनं पिंड ठेवून पाठ फिरवली नाही तोच ओढ्याकाठच्या उंबरावरून कावळा उतरला, भाताला चोच मारली आणि भिजत भिजत निघूनही गेला. बायका म्हणाल्या, "म्हातारी सुटली बाई. कशातच जीव ठिवला न्हाई." मला मेलीला रागच आला. कशातच नाही? मग आपलं भांडण? त्या चार खुंट्या? आपण लावलेली पैज? विहिणीला असं तोंडावर पाडून कुणी जातं का?

म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्हांला वाचता येत नव्हतं, म्हणजे लिहिलेलं खोडायला तुम्ही येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्यापुढं माझा शब्द शेवटचा ठरायची संधी आहे. ती काही मी सोडत नाही.

आपली सोयरीक पोरांनी जुळवली. नगरला डी.एड. करता करता दोघांनी ठरवून टाकलं, आणि आपल्याकडं उरलं ते फक्त मानपानाचं रुसणं. लग्नात तुम्ही मुलाची आई, म्हणून मी तुमचे पाय धुवायला तांब्या घेऊन बसले, तर तुम्ही पाय मागं घेतलेत. "ऱ्हाऊ द्या, विहीनबाई. उद्या गावाला गेल्यावर चिखलातच जायाचेत." अख्खा मांडव हसला. मी मात्र नगरच्या सावेडीतली, शाळेची बाई. मला वाटलं, हा अपमान आहे. त्या अपमानाचा बदला कसा घ्यायचा याचा विचार मी पंगत उठेपर्यंत करत होते. तुम्ही तोवर माझ्या ताटातली उरलेली जिलबी खाऊन मोकळ्या झाला होता.

पुढच्याच आषाढात मी तुमच्या वाडीवर आले. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला ढग जिथं घरात शिरतात, तिथवर एसटीनं, मग जीपनं, मग पायी. तेव्हा मी पंचेचाळिशीची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. आज त्या बाईची मला अशी गंमत वाटते की समोर आली तर तिच्या हातातली छत्री काढून घेऊन तिलाच मारीन. मी जन्माची पाथर्डीकडची. आमच्याकडचा पाऊस म्हणजे नुसता निरोप धाडणारा पाहुणा. येतो येतो म्हणतो, आला तर चहासुद्धा न घेता जातो. आमच्या आईनं भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, तुळशीखालचं ओघळलेलं कोंबडीला, असं पुरवून पुरवून संसार केला. आणि इथं बघते तर डोंगराच्या अंगाअंगातून पाणी! मी तुमच्या पडवीत उभी राहून रडले. रडणं संपलं की माणसानं गप्प बसावं. मला त्याऐवजी अक्कल सुचली.

तुमच्या घरामागं डोंगराच्या पायाशी एक चर होता. वरचं पाणी त्या चरातून आडवं निघून ओढ्याला मिळायचं. मला दिसलं ते एवढंच, की पाणी फुकट चाललंय. पाणी अडवा, पाणी जिरवा हे मी शाळेच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं रंगवलेलं. सकाळी तुम्ही भाताच्या आवणीला गेलात तशी मी कोपऱ्यातलं फावडं घेतलं, दगड-माती रचून चराच्या तोंडाशी झकास बांध घातला, हात धुतले आणि कौतुकाची वाट बघत बसले. दुपारपर्यंत चर भरला. मग पाण्यानं तुमच्या मागच्या भिंतीतून आत यायला सुरुवात केली. चुलीतून वाफ निघाली. कोंबड्या कणगीवर चढल्या. मी सुनंदाच्या लग्नातली नवी चादर भिंतीला लावून पाणी थोपवत होते, तेवढ्यात तुम्ही आलात.

ओरडला नाहीत. फावडं उचललंत, मागं गेलात, एका घावात बांध फोडलात. मग उंबऱ्यावर बसून म्हणालात, "विहीनबाई, तुमच्याकडं पानी धरायचं असतंय. हितं त्याला वाट द्यायची असती. न्हाई दिली तर त्ये आपली आपन करून घेतंय."

आणि लगेच, "शाळंत काय शिकिवता तुमी?"

"भूगोल."

तुम्ही इतक्या हसलात की भास्कर पळत आला, कुणाला काय झालं म्हणून. त्या वर्षी वाडीत घरोघर एकच बातमी होती, भूगोलाच्या बाईनं चूल बुडवली.

तिथून पुढं आपलं जे भांडण सुरू झालं ते कालपर्यंत. गंमत अशी की लोकांना वाटायचं, तुम्ही डोंगरातल्या, म्हणजे डोंगराला हात लावू नका म्हणणाऱ्या. आणि मी शहरातली, म्हणजे रस्ते-बंगले मागणारी. होतं बरोबर उलटं. रस्ता हवा होता तुम्हांला. मी मेली पदर वाऱ्यावर सोडून म्हणायची, "सगुणाबाई, हे असंच ठेवा हो. रस्ता आला की सगळं नासतं." आणि तुम्ही नाचणी पाखडता पाखडता, माझ्याकडं न बघता, "व्हय. तुमाला बघायला असंच बरं. ऱ्हायाला आमी हावच."

मला ते तेव्हा लागलं नाही. लागलं ते आपल्या नातीच्या, मुक्ताच्या वेळी. सुनंदाला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या आणि बाहेर असा पाऊस की समोरचं झाड दिसेना. बांबूला घोंगडी बांधून झोळी केली. वाडीतले चार गडी ती खांद्यावर घेऊन उतरणीला लागले. पुढं तुम्ही, डोक्यावर इरलं, हातात कोयता, आडव्या आलेल्या फांद्या तोडत. सगळ्यात मागं मी, नगरहून आणलेल्या सपाता घालून. दर दहा पावलांना बसत होते. चालत होते म्हणणं खोटं होईल. खाली जीप उभी होती तिथवर पोचेपर्यंत मी मनातल्या मनात अख्खा सह्याद्री आडवा केला होता, वर डांबर टाकलं होतं, कडेला दिवेसुद्धा लावले होते. कुठं गेला माझा निसर्ग कोण जाणे!

दवाखान्यात नात हातात घेऊन तुम्ही माझ्यासमोर आलात. "आता बोला. रस्ता पायजे का नगं?"

मी म्हणाले, "मुलगी छान आहे."

तुम्हांला तेवढ्यात उत्तर मिळालं. तरी "शब्दानं बोला की" म्हणून पुढची कितीतरी वर्षं चिडवत राहिलात. मी शब्दानं कधी बोलले नाही. आज बोलते. पाहिजे होता रस्ता. तुमचं बरोबर होतं.

आणि रस्ता आला, तेव्हा मुक्ता शाळेत जायला लागली होती. जेसीबीवरच्या माणसाला तुम्ही रोज भाकरी-पिठलं नेऊन दिलंत. पण त्याचं काम बघून तुमचा घास अडकला. डोंगर भिंतीसारखा सरळ उभा कापत चालले होते आणि निघालेली माती-दगड खाली ओढ्यात लोटत होते. तुम्ही त्यांच्या मुकादमाला जाऊन सांगितलंत, "दादा, त्याला पायरी दे. असा उभा ताशीव ऱ्हात न्हाई. आन वढ्याचं नरडं नगं दाबू." तो म्हणाला, आजी, पावसाच्या आत संपवायचंय. संपवलंही. तिसऱ्या पावसाळ्यात कापलेल्या भिंतीवरची माती झाडांसकट खाली आली, तुंबलेला ओढा वाट बदलून तुमच्या दोन खाचरांत शिरला आणि भाताच्या जागी दगड पेरून गेला.

मी फोन केला. काय विचारलं आधी? कुणाला लागलं का, घर शाबूत आहे का, हे विचारलंच, पण लगेच जिभेवर आलं, "मी म्हणत नव्हते?" अशी मी. पूर्वी एकदा हरलेल्या बाईला जिंकायची घाई फार.

तुम्ही पलीकडून म्हणालात, "ह्ये रस्त्यानं न्हाई केलं. घाईनं केलं."

"म्हणजे रस्ता हवाच तुम्हांला?"

"मंग? उखडून टाकू? तुमी येनार कशा भांडायला? विहीनबाई, रस्ता बी पायजे, डोंगर बी पायजे. दोन लेकरं असल्यावर एकालाच पाजून भागतंय व्हय?"

मी शाळेत शिकवायची, आपला सह्याद्री काळ्या कातळाचा, हलत नाही. ते तुम्हांला ऐकवलं, तर म्हणालात, "कातळ न्हाईच हालत. पन वर बसलेली माती काय त्याला इचारून बसलीया?" पुढं तुम्ही आणि वाडीतल्या बाया पंचायतीच्या दारात बसलात, ओढा मोकळा करून घेतलात, कापलेल्या जागी जाळीत दगड भरून पायऱ्या करून घेतल्यात. रस्ता राहिला. खाचरं मात्र परत पहिल्यासारखी झाली नाहीत. त्या दगडांत तुम्ही कारळे पेरायचात, आणि मी विचारलं की म्हणायचात, पिवळी फुलं बरी दिसत्यात, तुमाला बघायला.

टोमणा असा मारावा की फुलासकट लागावा. कुणाकडून शिकलात?

मग आपली मुक्ता मोठी झाली. पुण्याला हॉटेलचं शिकली, तिथंच नोकरी करून कंटाळली, आणि दोन वर्षांपूर्वी परत आली. काजवे बघायला, धबधब्याखाली भिजायला गाड्यांवर गाड्या येतात. त्यांना राहायला जागा हवी. मुक्तानं घराच्या वरच्या अंगाचा माळ धरला. उतार कापून सपाट करायचा, चार खोल्या, समोर सगळी काच, काचेत समोरचा गड. नकाशा तयार, मशीन ठरलेलं, फक्त जमीन तुमच्या नावावर आणि तुमचा होकार राहिलेला.

आणि यात मी कुठं? नातीच्या बाजूला! जी बाई रस्त्याला नको म्हणत होती, ती आता डोंगर कापायला हो म्हणत होती. का, ते तुम्हांला माहीत होतं. पोर जवळ राहील म्हणून. नाहीतर परत पुण्याला जाईल, तिथून आणखी लांब. तुमच्या वाडीतली किती घरं म्हाताऱ्यांवर टेकून उभी आहेत, ते आपण दोघी बघतच होतो. तेव्हा माझी बाजू नुसती लाडाची नव्हती. त्याच्यात थोडा शहाणपणा होता, एवढं तरी कबूल करा. आता काय हरकत आहे?

तुम्ही नाही म्हणाला नाहीत. तेच मला डाचत होतं. नुसतं म्हणालात, "जागंला एक पावसाळा दाखवू."

तुमच्याकडची ही रीत मला तोवर माहीत नव्हती. नवं घर घालायच्या जागेवर आधी काही खणायचं नाही. चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकायच्या, ओळंब्यात, ताठ. मग एक अख्खा पावसाळा जाऊ द्यायचा. दसऱ्याला जाऊन बघायचं. खुंट्या ताठ असल्या तर जागा बसलेली. कलल्या तर तिथली माती चालतीय, तिथं घर घालायचं नाही. मुक्ता उखडली. "आजी, माझा एक सीझन जातो. तपासायला माणसं असतात, यंत्रं असतात."

"आन की त्यांना. मी कुटं नगं म्हंते? त्यांनी त्यांच्या परीनं बघावं, मी माझ्या."

वैशाखात आपण तिघी वर चढलो. मी खुंटी धरली, तुम्ही घाव घातलेत. "बोट काडा, न्हाई तर भूगोल संपंल," म्हणालात. ऐनाच्या लाकडाच्या चार खुंट्या. मुक्ता हाताची घडी घालून लांब उभी. तिथंच पैज लागली. खुंट्या ताठ राहिल्या तर तुम्ही महिनाभर सावेडीला येऊन राहायचं, माझ्या फ्लॅटमध्ये, रोज लिफ्टनं खाली-वर करायचं. लिफ्टला तुम्ही 'उभी तिरडी' म्हणायचात आणि पाचवा मजला चढून यायचात. आणि कलल्या तर मी वाडीवर येऊन पावसाळा काढायचा, इरलं घेऊन, चर साफ करत. "बुडवलेली चूल फिटंल तरी," तुम्ही म्हणालात.

श्रावण लागला आणि तुमचा फोन आला. तुमच्या बोलण्यात धाप होती. मी विचारलं, तर म्हणालात, पाऊस लई हाय, आवाज त्याचा येतोय. मग म्हणालात, "खुट्या बघाया कवा येता?"

मी म्हणाले, "दसऱ्याला म्हणाला होतात ना? तुमच्या खुंट्या गेल्या खड्ड्यात. आधी डॉक्टरला छाती दाखवून या."

तुम्ही हसलात. "खड्ड्यातच हायेत त्या."

हे आपलं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यानं दारापर्यंत गाडी आली, तुमच्या रस्त्यानं. झोळी लागली नाही. भास्कर सांगत होता, गाडीत झोपवताना तुम्ही ड्रायव्हरला म्हणालात, "हळू घे बाबा, ह्यो रस्ता माजा हाय." तालुक्याच्या दवाखान्यात पोचलात, डॉक्टरांशी बोललात, आणि दुपारी गेलात. मी नगरहून पोचले तेव्हा तुम्ही न बोलता पडलेल्या होता. इतक्या वर्षांत तुम्हांला गप्प बघायची सवयच नव्हती मला. मी मूर्खासारखी वाट बघत राहिले, की आता काहीतरी बोलाल.

तुम्हांला धाप लागतेय हे मला कळलं होतं. मिळेल त्या गाडीनं निघून यायला हवं होतं, असं सुनंदा मला म्हणू देत नाही. मी तरी कशाला म्हणू? मी आले असते तर तुम्ही मला चहा करून दिला असता आणि आपण भांडलो असतो. तेवढंच. पण तेवढं झालं असतं तर बरं झालं असतं.

तर काल दहावा उरकल्यावर, सगळे जेवायला बसले असताना, मी काठी घेऊन मागच्या माळावर चढले. मला दसऱ्यापर्यंत धीर नव्हता. गुडघे कुरकुरत होते, त्यांना म्हटलं, तुम्ही नंतर बोला. गवत कमरेएवढं झालंय. पहिली खुंटी सापडली, ताठ. दुसरी ताठ. घराकडच्या बाजूची तिसरीही ताठ. मला हसू यायला लागलं. म्हटलं, सगुणाबाई, चला आता लिफ्टमध्ये. मग आठवलं, की कुणाला नेणार?

चौथी, ओढ्याकडची, कलली होती. थोडी नव्हे. खालच्या अंगाला मान टाकून, कुणीतरी वाकून काही शोधत असावं तशी. तिच्या वरच्या बाजूला गवत बाजूला केलं, तर जमिनीला कोयत्याच्या पात्यासारखी वाकडी भेग, हात जाईल एवढी.

आता खरं सांगते. आजूबाजूला कुणी नव्हतं. माती भिजून लोण्यासारखी झालेली. एका हातानं ढकललं असतं तरी खुंटी सरळ झाली असती, भेगेवर गवत ओढून घेतलं असतं, आणि पोर राहिली असती. ती जाईल, सुनंदा झुरेल, तुमचं घर बंद पडेल, हे सगळं त्या एका खुंटीला टेकून माझ्यासमोर उभं राहिलं. मी काठी खाली ठेवली. खुंटीवर हात ठेवला.

"नगरची आजी, हात काढ."

मुक्ता. मागं, भिजलेली, हातात तुमचं फावडं.

मी म्हणाले, "आधार घेत होते गं. घसरतंय."

"माहितीये मला तुझा आधार." ती जवळ आली, बसली. "मी आजी गेली त्याच दिवशी बघितली ती. तेव्हा एवढी नव्हती कलली."

"मग बोलली नाहीस?"

"कुणाशी बोलू? जिच्याशी भांडायचं होतं तीच गेली." मग रडली, विहीणबाई. दवाखान्यात रडली नव्हती, ओढ्याकाठी रडली नव्हती. तिथं खुंटीपाशी रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. जरा वेळानं नाक पुसून म्हणाली, "मशीनवाल्याला नको म्हणून कळवलंय. डोंगर नाही कापायचा. तीन खुंट्या ताठ राहिल्या दसऱ्यापर्यंत, तर त्या कोपऱ्यात दोन खोल्या होतील. हलक्या, उताराला धरून. काच नाही, खिडक्या. तीन नाही राहिल्या तर खाली रस्त्याच्या कडेला भाजी-भाकरीचं करीन. पण जाणार नाही. तू उगाच खुंट्या सरळ करत फिरू नकोस."

मी विचारलं, "हे सगळं आधी का नाही सुचलं?"

"आधी ती होती ना. ती असताना मला तिचं ऐकायचं नव्हतं." तुमचीच नात. तिनं सरळ उत्तर दिलं असतं तर मीच बोट लावून बघितलं असतं, खरी आहे का म्हणून.

उतरताना तिनं मला हात दिला नाही, फावड्याचा दांडा दिला. म्हणाली, "पैज हरलीस तू."

हरले. म्हणून काल संध्याकाळी सगळे पाहुणे परतले तेव्हा मी गेले नाही. सुनंदाला सांगितलं, माझ्या गोळ्या आणि दुसरा चष्मा नगरहून मागवून घे, दसऱ्यापर्यंत मी इथंच. तुमचं इरलं मला मोठं होतंय. चालताना मी झाकलेल्या कणगीसारखी दिसते, असं मुक्ता म्हणते. म्हणू दे. तुमच्या तीन खुंट्यांना आता रोज बघून येणार आहे. हात लावणार नाही.

आज पहाटेपासून जोरात लागलाय. मागच्या चरात पाला येऊन अडकला होता आणि पाणी भिंतीकडं वळायला लागलं होतं. मी फावडं घेऊन गेले. पाथर्डीच्या बाईचा हात अजूनही पाणी जाऊ द्यायला कचरतो, काय करू? जरा वेळ नुसती उभी राहिले. मग एका घावात नाही जमलं, चार-पाच लागले. पाला निघाला. पाणी घराला वळसा घालून खाली ओढ्याकडं गेलं.

मग आत येऊन चूल पेटवली. कोरडी होती.